दारालाही दार लागतं

निनाद खर्शीकरच्या पेटीवरचा आकडा वाचला आणि डॉ. वृषाली टिळेकरांच्या पोटात दुखलं. त्याच्या पेटीवर एकसष्ट, त्यांच्या पेटीवर एकोणीस. दहा दिवसांची पहिली चाचणी त्या सकाळी संपली होती.

दोन्ही पेट्यांत माणसाच्या यकृताच्या, प्रयोगशाळेत वाढवलेल्या चकत्या होत्या. साताऱ्याच्या त्या पेशीसंशोधन केंद्राला त्यांच्याकडून रक्त गोठवणारं एक प्रथिन बनवून घ्यायचं होतं; पेटीवरचा आकडा म्हणजे निरोगी माणसाच्या मानाने शेकडा किती प्रथिन बनलं ते. सिन्नरच्या उमेश लचके नावाच्या शिंप्याच्या शरीरात ते बनतच नव्हतं. मशीनचं पायडल मारलं की त्याच्या गुडघ्यात रक्त साचायचं. जी जनुकरचना जिंकेल तिची पहिली मात्रा त्यालाच टोचणार होते, म्हणजे त्याचं यकृतच ते प्रथिन बनवू लागलं असतं.

पेशीबाहेर जाणाऱ्या प्रथिनाला आधी आंतर्द्रव्यजालिकेत, म्हणजे पेशीतल्या पडद्यांच्या जाळ्यात, शिरावं लागतं. तिथे त्याच्या घड्या नीट बसतात. प्रथिन घडू लागलं की सर्वांत आधी बाहेर येतो तो त्याचा संकेततुरा. तो दिसताच एक वाटाड्या कण त्याला धरून जालिकेच्या दाराशी नेतो. प्रथिनाचा धागा आत सरकतो आणि तुरा छाटला जातो. तुरा जितका भारदस्त, तितका दारावर मान मोठा. निनादने दोन वर्षांत घडवलेला तुरा थेट आत घुसायचा. वृषालीबाईंनी अठरा वर्षं खपून घडवलेला तुरा गर्दी दिसली की मागे थांबायचा. संचालकांनी भर बैठकीत त्याला 'भिडस्त' म्हटलं तेव्हा सगळे हसले. निनाद तेवढा हसला नाही, आणि बाईंना तेच जास्त लागलं. पोरगा उर्मट असता तर निदान राग करायला काहीतरी हाती लागलं असतं.

निर्णायक चाचणी चाळीस दिवसांची होती. पेट्यांत सोडायच्या दोन्ही रचना कुप्यांत भरून त्यांवर नावाच्या चिठ्ठ्या डकवायचं काम केंद्राच्या रिवाजाप्रमाणे ज्येष्ठांचं, म्हणजे वृषालीबाईंचं. त्यांनी चिठ्ठ्यांची अदलाबदल केली.

दहाव्या दिवशी त्यांच्या नावाच्या पेटीवर अडुसष्ट आकडा आला. चकत्या नव्या दात्याच्या होत्या, म्हणून आकडे उलटल्याचं कुणाला खटकलं नाही. निनाद स्वतः कंदी पेढे घेऊन आला आणि मनापासून अभिनंदन करून गेला. बाईंनी दोन पेढे खाल्ले. अठराव्या दिवशी आकडा घसरू लागला. पंचविसाव्या दिवशी चकत्या पिवळट पडल्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी मेल्या. निनादच्या नावाच्या पेटीवर मात्र पहिल्यापासून एकोणीस होते आणि चाळीसाव्या दिवशीही एकोणीसच राहिले. रक्त गोठायला पंधराही पुरतात, असं संचालकांनी बैठकीत जाहीर केलं आणि त्या तुऱ्याला खर्शीकरांचं नाव द्यायचं ठरलं.

काय झालं असावं ते मात्रा टोचायच्या दिवशी संचालकांच्या खोलीत सगळ्यांसमोर निनादनेच उलगडून सांगितलं.

“मॅडम, दारं झिजतात. काही दिवसांनी त्यांच्या जागी नवी लागतात. पण दारंही प्रथिनांचीच ना? ती पडद्यात बसणार तीही जुन्या दारांतूनच. तुमच्या तुऱ्याने सगळी दारं अडवून धरली. जुनी मोडत गेली आणि नव्यांना वाटच मिळाली नाही.”

“आणि तुझा तुरा?”

“तो गर्दी बघून मागे सरला, म्हणून पेशी जगल्या.” त्याने कपाळाला आठ्या घातल्या. “खरं सांगू? मी तो असा घडवलाच नव्हता.”

आयुष्यभर बाईंनी दुसऱ्याच्या यशावर जळून घेतलं होतं. आता जळायचं ते स्वतःच्याच अठरा वर्षांवर. तेही सोसलं असतं. गप्प राहिलं की झालं, कुणाला काय कळणार होतं?

मग निनाद संचालकांना म्हणाला, “लचके वॉर्डात आलेत. कुपीतलं संपलं होतं, म्हणून मात्रा माझ्या गोठपेटीतल्या मूळ साठ्यातून काढली. साडेअकराला टोचतील.”

घड्याळात अकरा वीस झाले होते. त्या मूळ साठ्यात काय आहे ते त्या खोलीत एकट्या वृषालीबाईंना ठाऊक होतं. दहा दिवस लचक्यांचा गुडघा उत्तम राहील, सगळे खूश होतील. मग अठरावा दिवस उजाडेल, आणि या वेळी चकत्या नसतील, अख्खं यकृत असेल.

“मात्रा थांबवा,” त्या म्हणाल्या. “जगलेला तुरा माझा आहे.”

कुणी दचकलंसुद्धा नाही. बाईंचा मत्सर अखेर तोंडावाटे बाहेर पडला, असंच सगळ्यांना वाटलं. संचालक कागद चाळू लागले. निनाद समजुतीच्या सुरात म्हणाला, “मॅडम, निम्मं श्रेय तुमचंच आहे. मी तसं लिहून देतो.”

“श्रेय नको, फोन लाव. कुप्यांच्या चिठ्ठ्या मी बदलल्या होत्या. माझ्या पेटीत मेला तो तुझा तुरा, आणि तोच आता लचक्यांना टोचतायत.”

निनादने फोन उचलला. वॉर्डात लचक्यांचा दंड पुसून झाला होता, सुई अजून टोचली नव्हती.

संचालकांनी कोरा कागद पुढे ओढला. “म्हणजे डॉक्टर टिळेकर, हा तुरा तुमचा?”

“हो, माझा,” त्या म्हणाल्या.

अठरा वर्षं त्यांना हा प्रश्न कुणीतरी विचारायला हवा होता. त्याचं उत्तर संचालक आता त्यांच्या कबुलीजबाबात लिहून घेत होते.