खालचं टोक

त्या दुपारी मी प्रबंधाच्या अर्जावर विमलाबाईंची सही आणायला विद्यापीठातल्या आमच्या विभागात गेलो होतो. माझी पीएच.डी. लांबली होती, पण आळसामुळे नाही. बाई आमच्या मार्गदर्शक, आणि त्यांचा नियम एकच : आधी आलेल्याचा प्रबंध आधी जाणार. माझ्या पुढे उत्तरेश्वर होता. खराडीत आयटी पार्कसाठी विहिरी बुजवत होते. त्याआधी तो त्यांचं पाणी मोजायचा. शेवटच्या विहिरीवर एकटाच गेला आणि पाय घसरून पडला. वैकुंठ स्मशानभूमीत आम्हीच त्याला पोचवलं. विहीर बुजली, वर काचेची इमारत उभी राहिली. बाई मात्र त्याच्यासाठी थांबूनच होत्या.

“बाई, उद्या माझी नोंदणी संपतेय. कॉलेजातली जागाही जाईल.”

“इतकी वर्षं थांबलात, नागोराव. आजच काय गाडी चुकतेय?” बाई चष्मा पुसत म्हणाल्या. “त्याचं एकच मोजमाप राहिलंय. आत आहे तो. तेवढी मदत करा, लगेच सही देते.”

बाईंचं वय झालं, असं मला वाटलं. त्यांचं मन राखायला मी आतल्या खोलीत गेलो.

वीज गेलेली. खिडक्या बंद. शेवाळाचा, साचलेल्या पाण्याचा वास. टेबलावर विहिरी मोजायच्या टेपचं रीळ होतं. टेप टेबलावरून खाली लोंबत थेट फरशीत शिरली होती. फरशीला फट नव्हती. खालच्या मजल्यावर वर्ग चालू होता. मुलं हसलेली ऐकू आली.

“नागोराव...” आवाज माझ्या पायांखालून आला. “एकट्याला जमत नाही हो... वरचं टोक धरा.”

पळावंसं वाटलं. पण उद्याची तारीख डोळ्यांपुढून हलेना. मी टेप धरली. ओली, गार. ती खालून ताठ झाली.

“किती?” बाहेरून बाईंनी विचारलं.

मी आकडा वाचला. पेनाची करकर ऐकू आली.

“झालं. या, केली सही.”

तेवढ्यात टेपला दोन हिसके बसले. आमच्या कामात एक जण विहिरीत उतरायचा, दुसरा काठावर टेप धरायचा. दोन हिसके म्हणजे, मला वर घ्या.

मी टेप सोडली. बाहेर येऊन बाईंच्या हातातला अर्ज ओढूनच घेतला.

“अहो, सोडलीत...?” बाई कुजबुजल्या. “तो वर यायचाय अजून...”

मी जिना उतरलो. वर टेप खाली ओढली जात होती, रीळ गरागरा फिरत होतं. फाटकापर्यंत ते मला ऐकू येत होतं.

टेप तीसच मीटरची होती.