पन्नास पावलांवरचा नेचा

विश्वनाथरावांना फक्त एक नेचा हवा होता. नागपूरच्या कॉलेजात तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवून ते मार्चमध्ये निवृत्त होणार होते, आणि सातपुड्यातल्या नेच्यांवरचं त्यांचं पुस्तक त्या एकासाठी अडलं होतं. म्हणून १९७४च्या डिसेंबरात ते तो जिथे उगवतो त्या डोंगराकडे निघाले. सोबत वीस वर्षांची लेक प्रेमिला आणि दरसाल मधासाठी हा डोंगर पालथा घालणारा भिवापूरचा कवडू.

प्रेमिलाला दमा होता. थंडीत धावायचं नाही, नाकाने श्वास घ्यायचा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. दोन दिवस विश्वनाथराव तिच्याच चालीने चालले. ती थांबली की ते एखादं पान न्याहाळत बसत, जणू त्यांनाच थांबायचं होतं.

तिसऱ्या पहाटे कडा आडवा आला. हातभर रुंदीची चढती वाट, तिच्या टोकाला नेच्याची कपार, आणि डोक्यावर आग्या माश्यांची सात पोळी!

"ऊन पडाच्या आंधी जाऊन परत या लागते, गुरुजी," कवडू म्हणाला. "मंग माशा उठतेत. नाहीतं धूर करू."

"धूर नको. तिला सोसायचा नाही."

"मग धावू या!" प्रेमिला म्हणाली. "तेवढ्याने काही होत नाही, बाबा."

विश्वनाथरावांनी कड्याकडे पाहिलं आणि होकारार्थी मान डोलावली. तिथेच चुकलं.

ती धावली. कोरडी, गार हवा तोंडावाटे सुरीसारखी आत शिरत होती. कपारीशी पोचताच ती हसत खाली बसली. समोर, पन्नास पावलांवर, ओल्या कातळावर तो नेचा डुलत होता!

आणि बसल्यावर पाचव्या मिनिटाला, मागून दोघे पोचतात तोच, तिची छाती आवळली. शिट्टी वाजू लागली. श्वास आत जाईना, बाहेर येईना! ओठ निळसर पडले.

"काहून पळाली वं माय!" कवडूने खांद्यावरचा पंचा ओढला, थर्मासमधल्या गरम पाण्याने भिजवून पिळला आणि तिच्या नाकातोंडावर बांधला. "मिरच्या खुडतानी आमच्याकडच्या बाया असंच बांधतेत. घे, हळू घे."

विश्वनाथरावांनी तिला गोळी दिली. पलीकडच्या डोंगरावरून ऊन उतरत होतं. पोळी कुजबुजू लागली.

"तुम्ही... जा," ती पुटपुटली. "दोन मिनिटं... लागतील."

त्यांनी नेच्याकडे एकदाच पाहिलं. मग पाठ फिरवून ते खाली वाकले. "बस पाठीवर."

"गुरुजी, मी घेतो!"

"तू पुढे हो. पाय कुठे ठेवायचा ते सांग."

साठीला टेकलेला माणूस, हातभर वाट, पाठीवर लेक! एक पाऊल. थांबा. दुसरं पाऊल. घाई नाही. तिच्या छातीतली शिट्टी त्यांना पाठीत जाणवत होती. शिट्टी वाढली की ते थांबत, ओसरली की निघत. ते पायथ्याच्या ओढ्याशी आले, तेव्हा कड्यावर काळा ढग घोंघावत होता.

"तिथं असते तं तोंड असं सुजलं असतं का घरच्याईनं तुमाले वळखलंच नसतं, गुरुजी!" कवडू म्हणाला.

प्रेमिला हसली. शिट्टी नव्हती. तिने पंचा सोडला आणि पोटापर्यंत श्वास घेतला.

"बाबा, तुमचं पुस्तक..."

"एका नेच्याने कमी. छापतील तसंच."

वडिलांचे आभार मानायची त्यांच्या घरी रीत नव्हती. तिने भाकरीचं फडकं सोडलं आणि पहिला तुकडा त्यांच्या हातावर ठेवला.