तीन महिन्यांचं पोर

काशम्माला नवी पेठेत जायचं असलं की समोरच्या घरातली केराबाई तिचा हात धरायची नाही. आपल्या पदराचं टोक तिच्या हातात द्यायची. हात धरला की माणूस ओढला जातो, पदर धरला की तो आपल्या पायांनी चालतो, असं काशम्माचंच म्हणणं होतं. एकोणीसशे सत्तावीस सालच्या वैशाखातल्या एका सकाळी दोघी अशाच निघाल्या. घरातलं वेखंड संपलं होतं, मुरडशेंगाही थोड्याच उरल्या होत्या.

धोंडप्पाच्या जडीबुटीच्या दुकानात तिच्यापुढं पोतं उलटं व्हायचं. ती एकेक मुळी बोटांनी चाचपायची, मोडून नाकाशी न्यायची, जिभेच्या शेंड्याला लावायची. आतून किडलेलं वेखंड तिला डोळसाच्या आधी कळायचं. दिसत होतं तेव्हा तुम्हाला दोन किडके तुकडे खपवता यायचे, आता हिंमत होत नाही, असं धोंडप्पा हसत म्हणायचा. तीही हसायची. तिच्याशी कुणी एवढं बोलायचं ते तिथंच.

तिचे डोळे पाच वर्षांपूर्वी गेले होते. आधी कंदिलाभोवती रंगीत कडं दिसायला लागलं. मग कुणीतरी दोन्हीकडून दार हळूहळू लोटत आणावं तसं दिसणं अरुंद होत गेलं, आणि एका उन्हाळ्यात ते दार पुरतं लागलं. नवरा गुरुसिद्धप्पा त्याआधीच गेला होता. मूलबाळ झालं नाही. त्यानं शिकवलेली औषधं तेवढी मागं राहिली. खोकल्याचा काढा, गुडघ्याचं तेल, बाळंतिणीचं चूर्ण, आणि सगळ्यात जास्त बाळगुटी. आंधळी झाल्यावर लोक येणार नाहीत असं तिला वाटलं होतं, पण उलटंच झालं. डोळे गेले आणि हाताला गुण आला, असं गल्लीत लोक बोलू लागले.

गल्ली गिरणीत जाणाऱ्यांची. पहाटे पहिल्या भोंग्याच्या आधी बाया पोरं घेऊन यायच्या. काशम्मा सहाणेवर पाण्याचे चार थेंब टाकायची आणि हिरडा, हळकुंड, वेखंड, मुरडशेंग क्रमानं उगाळायची, पोराच्या वयाप्रमाणं कशाचे दोन वेढे, कशाचे तीन. मग करंगळीवर गुटी घेऊन पोराच्या तोंडात द्यायची. ते इवलंसं तोंड करंगळी चोखायचं तेवढा वेळ ती गप्प बसायची. दिवसभरात तिला माणसाचा स्पर्श व्हायचा तो एवढाच. मग बाया पोराला उचलून घाईनं निघून जायच्या. दुसरा भोंगा व्हायचा आणि गल्ली रिकामी पडायची.

सोलापूरच्या वैशाखातली दुपार म्हणजे काय ते तिथं राहिलेल्यालाच कळावं. कावळासुद्धा बोलत नाही. तापलेल्या पत्र्याचा वास येतो, धुळीचा येतो, आणि कुठूनतरी दूरवर मागांची खडखड येत राहते. अशाच एका दुपारी काशम्मा उंबऱ्याच्या आत बसून हिरडे फोडत होती. उंबऱ्याबाहेरच्या पायरीवर कुणीतरी बसल्यासारखं वाटलं. पावलं वाजली नव्हती.

“मावशी… पोराला गुटी द्या की.”

आवाज तरुण बाईचा, थकलेला. काशम्मानं विचारपूस केली. बाई वैराग गावाकडची निघाली, गिरणीत कामाला होती. पोरगा तीन महिन्यांचा, पहिलाच. काशम्मानं हात पुढं केले तसं पोर तिच्या ओंजळीत आलं. हलकं, थंडसर. उन्हातून आणलेल्या पोराचं अंग तापलेलं असतं, याचं नव्हतं. तिला ते बरंच वाटलं. बाईनं फडकं ओलं करून गुंडाळलं असेल, असं तिनं मनाशी म्हटलं. करंगळी तोंडात दिली तेव्हा पोरानं ती चोखली नाही, नुसती हिरड्यांत धरून ठेवली. आणि कितीतरी वेळ सोडली नाही.

बाई दुसऱ्या दिवशी आली. तिसऱ्याही दिवशी आली. मग रोजच दुपारी येऊ लागली. तिला घाई नसायची. काशम्मा बोलायची, ती ऐकायची. गुरुसिद्धप्पा रानातून गुळवेल कसा आणायचा, डोळे जायला लागले तेव्हा आपण ते वर्षभर कसं लपवलं, कुणाला न सांगितलेलं असं काय काय काशम्मानं तिला सांगितलं. पायरीवरून अधूनमधून “व्हय मावशी” एवढंच यायचं. तेवढं तिला पुरत होतं. दुपार व्हायची ती वाट बघू लागली. एखाद्या दुपारी बाईला उशीर झाला तर हातातलं काम चुकायचं.

पाऊसकाळ गेला. दसरा झाला. गल्लीतली पोरं तिच्या हाताला वाढताना कळत होती. कुणाच्या मांड्या भरल्या, कुणाच्या हिरड्या टणक झाल्या, कुणी करंगळीला चावू लागलं. वैरागच्या बाईचं पोर मात्र वैशाखात होतं तेवढंच होतं. काशम्मानं एक दिवस टाळूपासून टाचेपर्यंत वीत टाकून पाहिली. अडीच वीत. महिन्यानं पुन्हा पाहिली. अडीच वीतच. टाळूवर बोट ठेवलं की ती उडायला हवी. तिथं काहीच हलत नव्हतं. काशम्मानं बोट उचललं आणि त्यावर विचार करायचा नाही असं ठरवलं. आंधळ्या माणसाला एक सोय असते. न पाहायचं ठरवलं की कुणी दोष देत नाही.

दिवाळीनंतर केराबाई आपल्या नातवाला घेऊन आली. तिची लेक राजाबाई बाळंत होऊन माहेरीच राहिली होती आणि आता गिरणीत जात होती. पहाटेच्या घाईत पोराला गुटीला तीच आणायची, वीत टाकायला वेळ नसायचा. पोर जेठातलं. पाच महिने झाले तरी मान धरत नव्हतं. अंगाला दूध लागत नाही, रडायचंही कमी झालंय, असं केराबाई सांगत होती. काशम्मानं पोराला मांडीवर घेतलं. वीत टाकली.

अडीच वीत.

वजन तेच. पाठीचा कणा हाताला तसाच लागत होता. करंगळी तोंडात दिली, तर पोरानं ती चोखली नाही. नुसती हिरड्यांत धरून ठेवली.

सहाण एकच होती, मुळ्या त्याच होत्या, करंगळीही तीच. तिनं पोर केराबाईकडं दिलं आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, की दुपारी माझ्याकडं वैरागची बाई येते, तिला तू ओळखतेस का.

केराबाईनं पोराला पदराखाली घेतलं.

“अक्का, म्या रोज दुपारी समोरच्या दारात निवडाय बसते…” ती म्हणाली. “तुमच्याकडं कुणी येत न्हाय.”

मग आवाज आणखी खाली आणून तिनं सांगितलं, की तुम्ही एकट्याच बोलत असता. सहाणेवर उगाळता, हात पुढं करता, मांडी हलवत बसता. एकटं माणूस असं करतं, म्हणून आम्ही कुणी तुमच्यापाशी विषय काढला नाही.

ती रात्र काशम्मानं बसून काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी गुटीला आलेल्या बायांना तिनं आज हात दुखतो म्हणून परत पाठवलं. दुपारी उंबऱ्याच्या आत बसली. पुढ्यात सहाण होती, पण तिच्यावर पाणी टाकलं नव्हतं. गळ्यातलं इष्टलिंग तिनं मुठीत धरलं होतं. मागांची खडखड एकाएकी लांब गेल्यासारखी झाली, आणि पायरीवर कुणीतरी बसलं.

“गुटी द्या की, मावशी.”

“पोर किती महिन्यांचं तुझं?”

“तीन.”

“वैशाखात पण तीनच होतं की.”

काशम्मानं ओठ ओले केले.

“केराबाई समोरच बसलेली असते. तिला तू दिसत नाहीस.”

“तुमाला तरी कुटं दिसते…” बाई हळू म्हणाली. “म्हनून तर तुमच्याकडं आले.”

मग तिनं सांगितलं. आवाजात रडू नव्हतं, तक्रार नव्हती. भोंग्याच्या आधी पोराला अफूची बारीक गोळी द्यायची, म्हणजे आई परत येईपर्यंत ते निजून राहतं. तिच्या चाळीत सगळ्याच द्यायच्या. एक दिवस पोरगा गप्प होईना आणि भोंगा तर झाला. तिनं दुसरी गोळी दिली. संध्याकाळी आली तेव्हा तो निजलेलाच होता. छातीशी धरला, तरी निजलेलाच. उरलेल्या गोळ्या तिनं स्वतः खाल्ल्या आणि त्याच्या शेजारी पडली.

“अजून उठला न्हाय,” ती म्हणाली. “तुमच्या गुटीनं पोरं उठून बसत्यात म्हनं…”

काशम्माच्या आंधळ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्या क्षणी तिला भीती वाटत नव्हती. ही उठून गेली की उद्याची दुपार कशी जाईल, हेच मनात आलं आणि त्याची तिला लाज वाटली. केराबाईच्या नातवाची लुळी मान तिला हाताला पुन्हा जाणवली.

“तुझ्या पोराला जातंय ते जित्या पोरांच्या तोंडचं जातंय,” ती म्हणाली. “मी देणार नाही. पुन्हा येऊ नकोस.”

मग अगदी कानाशी आल्यासारखा आवाज आला.

“एकडाव मांडीवर घ्या त्याला. मग जाते म्या.”

नाही म्हणायला हवं होतं. काशम्मानं हात पुढं केले. पोर मांडीवर आलं, तेच हलकं, थंड ओझं. ती त्याला थोपटत राहिली. गुरुसिद्धप्पाची आई म्हणायची ती कानडी अंगाई तिला अर्धीच येत होती. तेवढीच तिनं पुन्हा पुन्हा म्हटली. पायरीवरून पावलं उतरली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच तिला त्या बाईची पावलं ऐकू आली. अनवाणी, सावकाश, गल्लीच्या तोंडाकडं जाणारी. ती विरली. मांडीवरचं ओझं कधी गेलं ते मात्र तिला सांगता आलं नसतं. संध्याकाळचा भोंगा झाला तेव्हा ती अजून थोपटतच होती.

दुसऱ्याच दिवशी केराबाईच्या पदराला धरून ती सिद्धेश्वराच्या तळ्यावर गेली आणि सहाण, मुळ्या सगळं पाण्यात सोडून दिलं. करंगळी राखेनं घासून घासून सोलली. नवी सहाण आणली, धोंडप्पाकडून नव्या मुळ्या आणल्या. पंधरा दिवसांत केराबाईच्या नातवानं मान धरली. संक्रांतीला तो पालथा पडून रांगायच्या खटपटीत होता आणि त्याच्या रडण्यानं गल्ली जागी होत होती. काशम्माच्या हाताचा गुण परत आला असं लोक म्हणाले.

ती दुपारची बाई पुन्हा आली नाही. पायरी रिकामीच राहिली. दुपारी कधी न निजणाऱ्या काशम्माला आता जेवण झालं की गाढ झोप यायची, कुणीतरी अंगावर पांघरूण ओढावं तशी. म्हातारपण आलं, असं ती म्हणायची.

माघातल्या एका दुपारी केराबाई विस्तव मागायला आली आणि दारातच थांबली.

“अक्का… चोळी कशानं भिजली?”

काशम्मा नुकतीच उठली होती. तिनं छातीवर हात नेला. कापड ओलं होतं, कोमट, थोडं चिकट. बोटं नाकाशी नेली. औषधाचा प्रत्येक वास ओळखणाऱ्या त्या बाईला हा वास ओळखायला क्षणसुद्धा लागला नाही. पहाटे दारात येणाऱ्या प्रत्येक लेकुरवाळीच्या अंगाला तो असायचा. काशम्माचं वय तेव्हा छप्पन्न होतं.

“काढा सांडला,” ती म्हणाली.

केराबाई विस्तव न घेताच गेली.

दुसऱ्या दिवशी काशम्मानं दाराला आतून कडी घातली आणि ती बसली की नाही हे दोनदा चाचपून पाहिलं. झोप आली. उठली तेव्हा कडी तशीच होती आणि चोळी भिजलेली होती.

तिसऱ्या दिवशी तिनं कडी घातली नाही. जेवण आवरलं, भिंतीकडं तोंड करून, मधे अडीच वीत जागा सोडून, नेहमीच्या जागी आडवी झाली, आणि झोप येण्याआधी चोळीची गाठ तिनं आपल्याच हातानं सोडून ठेवली.