भुयारातली उलटी पावलं

डोंगराच्या वरच्या अंगाला भुयाराच्या तोंडाशी उभं राहून पियुषनं हाक दिली, "येऊन राह्यलो हो..." आणि खालून सुरभीनं ती ऐकूनही उत्तर दिलं नाही. झालं! बिघडलं ते तिथंच... का जमलं, तुम्हीच ठरवा.

घाटंजीकडच्या त्या डोंगरातलं हे भुयार आज्या-पंज्यांनी छन्नी-घनानं खोदलेलं, एका माणसापुरतं. म्हणून तिथला रिवाज असा — शिरायच्या आधी हाक द्यायची, समोरून कोणी येत असलं तर थांबायचं. तरी गाठ पडलीच, तर ओझंवाल्याचा रस्ता. रिकाम्या हातानं आलेल्यानं मागं फिरायचं.

सुरभीले हे माहीत होतं. पण सकाळपासून तिच्या तोंडून शब्द निघत नव्हता. संगं फिरायला आलेल्या मैत्रिणी अन् शीलावहिनी हसत-खिदळत भुयारातून वर गेल्या, ही पायथ्याशीच बसून राहिली. शुक्रवारी साखरपुडा होता. पुसदचं स्थळ, विठ्ठलरावांनी, म्हणजे तिच्या बाबांनी, ठरवलेलं. शेवटी एकटं बसवेना, तशी वरची हाक ऐकूनही उठली अन् शिरली आत. भिंत थंडगार, ओली... घनाचे घाव बोटांना लागत होते.

मधोमध टॉर्चचा उजेड डोळ्यांवर आला.

"सुरभी?... तू?"

तीन वर्षं कॉलेजात मागच्या बाकावर बसलेला पियुष! दोघांचं बोलणं म्हणजे नोट्स मागण्यापुरतं. पण सर शिकवत असताना हा कुठं बघतो, ते अख्ख्या वर्गाला ठाऊक होतं, अन् तिलेही. आता त्याच्या छातीशी सीताफळांची टोपली होती, बाजारात न्यायची.

रस्ता त्याचाच होता. ती मागं फिरायला लागली, तर हा म्हणे, राहू दे, मीच जातो. अन् टोपलीसकट उलट्या पावलांनी चालू लागला. वळला असता तर तिचं तोंड दिसलं नसतं ना...

"उलट्या पायाचं भूत हाय का तू?"

"भूत तरी बोलते. तू तर तीन वर्षं बोलली नाही."

ती हसली, अन् हसता हसता रडायलाच लागली. पियुष थांबला. काय झालं म्हणून विचारलं, तर तिनं सगळं सांगितलं, तुटक तुटक. वरून पाणी ठिबकत होतं. त्यानं टोपली सावरली. मग हळूच —

"तुले पसंत हाय का तो?"

"मले कोणी विचारलंच नाही."

"मी विचारून राह्यलो ना."

"नाही," ती म्हणाली. मग जोरात, "नाही पसंत. मले तू आवडतं... पयल्या वर्षापासून."

भुयारात कुजबूजसुद्धा टोकाला ऐकू जाते, हे तिच्या ध्यानातच राहिलं नाही. वरचं हसणं-खिदळणं एकदम बंद पडलं.

दोघं वरच्या तोंडातून बाहेर आले तेव्हा आभाळ डोंगरावर टेकलं होतं. मैत्रिणी जमिनीकडं बघत होत्या. सात वर्षांत सासऱ्यापुढं शब्द न काढलेली शीलावहिनी पुढं आली, अन् तिनं आपला मोबाइल सुरभीसमोर धरला.

"बाबांले तू सांगतं, का मी सांगू?"

पियुष टोपली खाली ठेवून तिच्या बाजूला उभा राहिला. तिनं फोन लावला.

"बाबा... शुक्रवारी कोणाले बोलावू नका. मले तो पसंत नाही."

ती फोन कानाला लावून उभीच राहिली.