हत्तिणीचे सुळे

मेलेल्या जनावरांना उभं करायचं, हे माझं काम. लाकडाचा सांगाडा, तार, प्लास्टर, वरून कातडं. शाळा चौथीतच सुटली, पण कुठल्या जनावराचा गुडघा कुठं वाकतो ते मला झोपेतसुद्धा विचारा.

आमच्या संग्रहालयाच्या मोठ्या दालनात हत्तीण आहे, शेजारी तिचं पिल्लू. तीस वर्षांपूर्वी मीच उभी केली दोघं. पिल्लू आईच्या पायाला खेटून, सोंड सरळ खाली. चार पायांत चार सळया, खाली जमिनीच्या फळ्यांत बोल्ट. छताच्या काचेतून ऊन आलं की दोघं पाण्यात उभी असल्यासारखी दिसतात.

मंगळवारी नवे साहेब आले.

"मिस्त्री, ह्याला सुळे का नाहीत?"

"साहेब, ती बाईमाणूस आहे."

"आफ्रिकेतल्या हत्तिणीला असतात की!"

"त्या जातीत दोघांनाही असतात, बाईचे जरा बारीक. ही आशियाई. हिच्यात मिरवायचे सुळे नरालाच. हिच्या ओठाआड नुसता खुंट, बोट घातलं तर लागतो."

"लोकांना हत्ती म्हणजे सुळे. सोमवारी दालनाचं पुन्हा उद्घाटन आहे. जमत नसेल तर तुमची खोली दुसऱ्या मिस्त्रीला देऊ."

खोली संग्रहालयाच्या मागं. तिथं मी, बायको आणि दीड वर्षाची नात. निवृत्तीला आठ महिने. मुकाट्यानं प्लास्टरचे सुळे केले. नराचे, मुळाशी जाडजूड. संध्याकाळी ओठाआड, खुंटांभोवती खाच कोरून बसवले.

बुधवारी सकाळी पिल्लू आईपासून वीतभर लांब होतं.

झाडणाऱ्या मावशीला विचारलं. ती म्हणाली, "अहो, हत्ती ढकलायची ताकद असती तर इथं झाडू मारत बसले असते का?"

वाकून बघितलं. बोल्ट घट्ट. गुरुवारी पिल्लू खिडकीपाशी. बोल्ट तिथंही घट्ट. आणि आधीची भोकं? फळी सपाट. गाठीसुद्धा जागच्या जागी. जसं काही तिथं कधी भोक पाडलंच नव्हतं.

शुक्रवारी ते दाराशी होतं. आईकडे पाठ करून.

साहेब म्हणाले, "ही असली थट्टा मला चालणार नाही. सोमवारी पिल्लू जागेवर, नाहीतर तुम्ही बाहेर."



शनिवारी दुपारी जेवत होतो. बायकोनं नवी कवळी घातली होती, पहिल्यांदाच. हसून नातीला हाक मारली. पोरीनं तिच्याकडे बघितलं आणि असा टाहो फोडला की भांडी वाजली. दुडदुडत दाराशी गेली. बायकोनं कवळी काढून वाटीत टाकली.

"ये गं माझी बाय, मीच आहे."

पोर थबकली, वळली, मांडीत शिरली. आजीच्या तोंडात बोट घालून हिरडी चाचपली, मग निवांत झाली.

हातातला घास ताटात ठेवून मी उठलो.

"कुठं निघालात? खोली जाईल, कळतंय ना?"

"जाऊ दे."

दालनात भर दुपारचं ऊन होतं. शिडी लावून दोन्ही सुळे काढले, टेबलावर ठेवले. खाचेत बोट घालून उरलेलं प्लास्टर खरवडलं. खाच गार असायला हवी होती.

पिल्लाला मी हात लावला नाही. कुलूप घातलं, किल्ली साहेबांना दिली. रविवारी सुट्टी.

सोमवारी सकाळी साहेबांनी स्वतः दार उघडलं. मी मागं, माझ्या मागं मावशी. टेबलावरचे सुळे बघून साहेब ओरडायला वळले, आणि तसेच राहिले.

पिल्लू आईच्या पायाला खेटून होतं.

त्याची सोंड वर गेली होती. आईच्या तोंडात, ओठाआड, त्या खुंटापर्यंत. सोंडेच्या आत मी बोटाएवढी जाड, सरळ सळई घातलेली. कातड्यावर चीर नाही, टाका उसवलेला नाही.

"हे... तुम्ही केलंत?" साहेबांनी हळूच विचारलं.

"हो, साहेब."

"राहू दे असंच," ते म्हणाले. खोलीचा विषय पुन्हा निघाला नाही.

पाहुणे यायच्या आत मावशीनं कोरडा फडका घेतला, धूळ पुसत पुसत पिल्लाच्या हनुवटीपर्यंत आली. तिथं तिचा हात थांबला.

तिनं फडका पिळला. पांढरे दोन थेंब फळीवर पडले.

"प्लास्टर असेल," मी म्हटलं.

मावशीनं फडका नाकाशी नेला. माझ्याकडे न बघता म्हणाली, "दूध आहे. अजून कोमट."