थंड हिटरचा माग

"काका, हिटर लावा म्हटलं तर तुम्ही एसी लावलात!" मागच्या सीटवर कुडकुडत अद्वैत ओरडला.

"अरे, हिटरच आहे तो!" विष्णुकाका हसले. "हल्ली गारच वारा फेकतोय. जुनी गाडी, चालायचंच!"

नाताळच्या सुट्टीत जाई आणि तिचा धाकटा भाऊ अद्वैत काकांच्या गावी आले होते. सकाळीच सिद्धेश्वर धरणावर पक्षी पाहून तिघं परतत होते. जाईने हिटरचं बटण फिरवून पाहिलं. पंखा जोरात चालत होता, बटणही बरोबर फिरत होतं. इंजिन इतकं तापलेलं, मग वारा गार कसा? तिला काही हे पटेना.

काकांची गल्ली अरुंद, म्हणून गाडी शेजारच्या मल्हारीमामांच्या अंगणात उभी राहायची. आज गाडी थांबते न थांबते तोच मामांची मुलगी शिवकन्या धावत आली. रडून तिचे डोळे लाल झाले होते.

"जाई, आमची चांदी बघ ना! परवा करडू मेलं ना, तशीच करून राहिली!"

चांदी शेळी गोठ्याशी उभी होती. पाय लटपटत होते, मान डुलत होती.

"इष घातलंय कुनीतरी!" मल्हारीमामांनी काठी उचलली. "त्या भावसिंगनंच! त्याच्या शेतात शेळ्या घुसल्या तवा धमकी दिलती त्यानं. अन् काल इथंच वाकून काय तरी बघून राहिला होता. आता सोडत न्हाई त्याला!"

"मामा, थांबा! आधी डॉक्टरांना बोलवू," जाई म्हणाली. काकांनी लगेच गुरांच्या डॉक्टरांना फोन लावला. मामा धुसफुसत चांदीपाशी बसले, पण काठी काही त्यांनी खाली ठेवली नाही.

"खरंच विष घातलं असेल?" अद्वैतने हळूच विचारलं.

"मग करडू काय उगंच मेलं?" शिवकन्या म्हणाली. "पण भावसिंगकाका असं काहून करतील? मला तर न्हाई वाटत."

तिघांनी गोठ्याभोवती कसून शोध घेतला. पाण्याच्या डोणीशेजारी एक खळगा होता. त्यातलं पाणी हिरवट दिसत होतं!

"शेवाळ असेल," अद्वैत म्हणाला.

"शेवाळ असं चमकतं का?" जाई खाली वाकली. गोडसर वास आला. शिवकन्येने बोट पुढे केलं.

"हात लावू नकोस!" जाई ओरडली. खळग्यापासून एक ओली रेघ उतारावरून वर गेली होती. तिघं रेघेमागे निघाले, आणि रेघ संपली ती थेट काकांच्या गाडीखाली!

अद्वैतने एक पुठ्ठा गाडीखाली सरकवला. टप्प! हिरवा थेंब. पुन्हा टप्प!

"काका, बॉनेट उघडा!" जाईने हाक मारली.

बॉनेट उघडताच अद्वैतने रेडिएटरच्या झाकणाकडे हात नेला. काकांनी तो झटकन मागे ओढला. "वेडा आहेस का? उकळतं पाणी तोंडावर उडेल!"

"झाकण उघडायची गरजच नाही," जाई म्हणाली. "ही बाजूची बाटली बघा. पार रिकामी!"

"असं कसं? या आठवड्यातच इंजिन थंड ठेवणारं कूलंट ओतलंय मी. तसं दर थोड्या दिवसांनी ओततोच. गाडी पिते थोडंथोडं."

"काका, गाडी नाही पीत, शेळ्या पितायत!"

काकांचा चेहरा उतरला.

"इंजिनातलं हेच गरम पाणी हिटरमध्ये फिरतं ना?" जाई म्हणाली. "ते गळून कमी झालं, म्हणून वारा गार. आणि गळलेलं सगळं त्या खळग्यात!"

तेवढ्यात डॉक्टर आले. पुठ्ठा पाहताच ते गंभीर झाले. "कूलंट गोड लागतं, म्हणून जनावरं चाटतात. पण ते जहाल विष आहे! बरं झालं कारण कळलं, आता नेमका इलाज करता येईल." त्यांनी लगेच सलाईन लावलं.

गडबड ऐकून भावसिंगही आला. मामा उठून उभे राहिले.

"काल वाकून काय बघत होतास?"

"ते हिरवं पानीच, मल्हारी! तुला सांगावं म्हनून थांबलो, तर तू तोंड फिरवून घरात गेलास."

मामांनी हातातली काठी भिंतीला टेकवून ठेवली.

"चूक माझी आहे, मल्हारी," काका खालच्या आवाजात म्हणाले. "नुसतं ओतत राहिलो. कुठं जातंय ते एकदाही वाकून पाहिलं नाही." त्यांनी स्वतः फावडं घेतलं, ती माती खरवडून पोत्यात भरली आणि खळगा बुजवला. गाडी ओढून नेली ती थेट गॅरेजला.

चांदी दुसऱ्या दिवसभर पडूनच होती. शिवकन्या तिच्याजवळून हलली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी चांदी धडपडत उठली आणि बारीक आवाजात ओरडली. शिवकन्येने तिच्या गळ्याला मिठीच मारली!

"शाब्बास रे पोरांनो!" तिला पुन्हा तपासायला आलेले डॉक्टर म्हणाले. "मी शेळी तपासत बसलो असतो, तुम्ही गाडी तपासलीत!"

मल्हारीमामांनी तिघांच्या डोक्यावरून हात फिरवला. "शेळी तर वाचवलीच तुमी," ते म्हणाले, "पन माझ्या हातून एका भल्या मानसावर काठी पडली असती, ती बी वाचवली."

मग पायात चपला सरकवून ते भावसिंगच्या घराकडे निघाले.