पोळी ब्रेकमध्येच मिळेल

आम्रपाली गजभियेने त्या खाणावळीत पहिल्या संध्याकाळी पहिले जे दोन शब्द उच्चारले, ते दोन्ही चुकीच्या वेळी.

"काकू, पोळी—"

सगळ्या माना एकदम वळल्या. बोललं कोणीच नाही. सदाशिव पेठेत नीट बघता आलं की बोलायची गरज उरत नाही. भिंतीवरच्या टीव्हीत एक बाई समईसमोर उभी राहून डोळ्यांत पाणी आणत होती, आणि कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर तिन्ही बाजूंनी धडका देत होता. टीव्हीखाली पाटी होती : 'मालिका चालू असताना बोलू नये. पोळी ब्रेकमध्येच मिळेल. भात आपला आपण घ्यावा. हुकुमावरून.'

आम्रपालीने पाटी वाचली, मग ताटाकडे बघितलं. मटकीची उसळ होती, काकडीची कोशिंबीर होती, लिंबाची फोड होती. पोळी नव्हती. तेवढ्यात समोरच्या माणसाने टीव्हीवरची नजर न हलवता आपल्या ताटातली एक पोळी उचलली आणि तिच्या ताटात ठेवली. घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

जाहिरात लागल्यावर तो बोलला.

"नवीन दिसता."

"आज पहिलाच दिवस."

"पोळी साठवायची असते. ब्रेकमध्ये दोन घ्यायच्या, एक खायची. जमेल हळूहळू."

"मग साठवलेली मला का दिलीत?"

"आज कथेत काही घडेल असं वाटत नाही," तो म्हणाला. "अशा दिवशी मला भूक कमी लागते."

त्याचं नाव सलिल दामले. बुधवार पेठेत त्याचं विजेच्या बटणांचं आणि वायरींचं दुकान होतं. आई-वडील बहिणीचं मूल सांभाळायला ठाण्याला गेले होते आणि ते मूल काही लवकर मोठं होण्याची चिन्हं नव्हती. म्हणून तो इथे जेवायचा. बाकीची माहिती मिळायच्या आत ब्रेक संपला.

आम्रपाली नागपूरहून पुण्यात आली ती कानांच्या दवाखान्यातल्या नोकरीसाठी. दिवसभर ती आवाजबंद खोलीत वृद्ध मंडळींच्या कानांवर हेडफोन चढवायची आणि सांगायची, "ऐकू आलं की लगेच बटण दाबा. खात्री करत बसू नका." तरी लोक खात्री करत बसायचे. खोली शोधताना तिला पेठेत जागोजागी पहिला प्रश्न आडनावाचा आला होता, आणि उत्तरानंतर बहुतेक खोल्या आदल्याच दिवशी गेलेल्या निघाल्या होत्या. खाणावळीच्या श्यामलाकाकूंनी मात्र एवढंच विचारलं, "मालिका बघता का?" ती म्हणाली, "अधूनमधून." काकूंनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "शिकाल," त्या म्हणाल्या.

मालिकेचं नाव 'दारी वाजे चौघडा'. ती नऊ वर्षं चालू होती. नायिका ईश्वरी हिचं आपल्याच नवऱ्यावर, नायक अधिराजवर प्रेम होतं, हे त्याला सोडून साऱ्या महाराष्ट्राला माहीत होतं. तिने सांगायला तोंड उघडलं की दाराची बेल वाजायची, नाहीतर दूध उतू जायचं, नाहीतर सासूला चक्कर यायची. अधिराजचा चेहरा मध्यंतरी दोनदा बदलला. पहिल्यांदा अपघात झाला होता. दुसऱ्यांदा निर्मात्यांनी कारण देण्याचेही कष्ट घेतले नाहीत. पण प्रेक्षकांची खरी जखम वेगळी होती. धाकटा दीर पाचव्या वर्षी एका मंगळवारी "वहिनी, टॉवेल घेऊन येतो" म्हणून माडीवर गेला, तो परत खाली आलाच नाही. घरात लग्नं झाली, बारशी झाली, दोन खून झाले. कोणी त्याची चौकशी केली नाही. घरात त्याच्या नावाचा उल्लेखही झाला नाही.

"मेला असेल तर तसं सांगा," निवृत्त हवालदार सर्जेराव ब्रेकमध्ये म्हणायचे. "आम्ही बेवारस प्रकरणंसुद्धा अशी सोडत नव्हतो."

हिवाळा लागला, सरला. आम्रपाली पोळी साठवायला शिकली. सलिलशी बोलणं ब्रेकपुरतंच व्हायचं, आणि ब्रेक म्हणजे साबण, मसाला, सिमेंट आणि पुन्हा साबण. पहिल्या ब्रेकमध्ये विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या ब्रेकमध्ये मिळायचं. मधल्या वेळात उत्तर मुरायचं. कदाचित म्हणूनच ते चांगलं लागायचं.

"तुम्हाला हसताना डावीकडे बघायची सवय आहे," तो एकदा म्हणाला, आणि मालिका सुरू झाली.

ईश्वरीने त्या भागात एक पत्र जाळलं, अर्धं विझवलं. आम्रपालीला त्यातलं काही दिसलं नाही. डावीकडे भिंत होती. भिंतीवर दिनदर्शिका होती. ती दिनदर्शिका बघत राहिली.

"डावीकडे नाही," दुसऱ्या ब्रेकमध्ये ती म्हणाली. "तुमच्याकडे बघायचं टाळते, एवढंच."

"अच्छा." त्याने आमटीची वाटी उगाच फिरवली. "मग मी उद्यापासून डावीकडे बसू का?"

काकूंनी दोघांच्या ताटांत एकेक गरम पोळी टाकली आणि पोळीवर तूप सोडलं. तूप इतरांना मागावं लागायचं.

सलिलचा नंबर तिच्याकडे होता. मालिकेच्या चाहत्यांच्या 'चौघडा न्याय समिती' या व्हॉट्सअॅप गटात दोघंही होते. पण तिथे रोज दिराच्या सुटकेच्या मागण्या चालायच्या, आणि गटातून बाहेर पडून त्याला एकट्याला काही लिहावं, तर काय लिहावं? 'नमस्कार' लिहून ती तीनदा पुसून बसली होती. आणि दुसऱ्या दिवशी हीच आम्रपाली ईश्वरीला नावं ठेवायची. "एवढं साधं वाक्य बोलायला हिला नऊ वर्षं लागतात?"

मग एका सोमवारी वाहिनीने जाहीर केलं की मालिका शनिवारी संपणार.

समितीत हाहाकार उडाला. नऊ वर्षं संपत नाही म्हणून शिव्या देणारे आता संपते म्हणून शिव्या देऊ लागले. सर्जेरावांनी वाहिनीला मेल लिहिला, त्यात 'वरील विषयास अनुसरून' होतं. काकूंनी थेट फोन लावला.

"अहो, पाच दिवसांत तुम्ही काय काय उरकणार? सासू सुधारायची आहे, खुनी सापडायचा आहे, हिचं त्याला सांगून व्हायचंय. आणि तो पोरगा माडीवर! त्याला जेवायला तरी दिलंत का इतकी वर्षं?"

पलीकडच्या मुलीने अभिप्रायाबद्दल आभार मानले. काकूंनी फोन ठेवला, हात पुसले आणि ब्रेकमध्ये आपलाही निर्णय जाहीर केला. "शनिवारनंतर इथली बैठक बंद. फक्त डबे. ज्याचा त्याला घरपोच. माझे गुडघे फक्त हिच्यासाठी उभे होते."

आम्रपालीच्या हातातला घास हातातच राहिला. म्हणजे रविवारपासून तिचा डबा नारायण पेठेत जाणार, त्याचा शनिवार पेठेत. दोन्हीत भाजी एकच असेल. समोर मात्र तो नसेल.

तिने ठरवलं. शनिवारी, दुसऱ्या ब्रेकमध्ये. पहिल्यात घाई होईल, तिसऱ्यात लोक रडायला लागलेले असतील.

शुक्रवारी सलिलच बोलायला लागला. "उद्या… म्हणजे उद्यानंतर…"

सिमेंटची जाहिरात संपली. ईश्वरी परतली. सलिलने तोंड मिटलं आणि पाटीकडे असं बघितलं, जणू ती त्याने पहिल्यांदाच वाचली.

शनिवारी काकूंनी गजरा माळला होता. पानांभोवती रांगोळीसुद्धा होती. आणि प्रत्येकाच्या पानात आधीच चार-चार पोळ्या वाढून ठेवल्या होत्या.

"आज आधीच?" आम्रपालीने विचारलं.

"वाचलं नाहीस? शेवटचा भाग एकही ब्रेक न घेता!" काकूंचा चेहरा उजळला होता. "नऊ वर्षांत पहिल्यांदा माणसात आलेत मेले."

आम्रपालीने समोर बघितलं. सलिल तिच्याचकडे बघत होता, आणि त्याचाही चेहरा पडलेला होता.

चौघडा सुरू झाला. सासू सुधारली. खुनी सापडला, तो शेजारी होता, म्हणजे नेहमीचाच. पोळ्या गार होत चालल्या. कोणी घास घेत नव्हतं. सर्जेरावांनी रुमाल मांडीवर घेऊन ठेवला होता. शेवटी ईश्वरी अंगणात अधिराजसमोर उभी राहिली. वारा सुटला. तिचे ओठ हलले.

"मला तुम्हाला काही सांगायचंय…"

आणि दाराची बेल वाजली.

खाणावळीतून एक सामुदायिक उसासा निघाला. ईश्वरी दाराकडे वळली. आम्रपाली त्या वळलेल्या पाठीकडे बघत राहिली. ही बाई आता कधीच सांगणार नाही, हे तिला स्पष्ट दिसलं. बटण हातात होतं, आवाज ऐकू आला होता, आणि ही खात्री करत बसली होती.

"सलिल," ती म्हणाली. मोठ्याने म्हणाली. "मला उद्यापासून तुझ्याशिवाय जेवायचं नाहीये."

माना वळल्या. पहिल्या दिवसासारख्याच सगळ्या, एकदम. काकू हातात झारी घेऊन थिजल्या. आम्रपालीचे कान तापले. आज डावीकडची भिंतसुद्धा मदतीला येईना. तिने 'तू' म्हटलं होतं, तेही इतक्या लोकांत, तेही पाटीखाली.

सलिलने आपल्या पानातली वरची पोळी उचलली. घडी न मोडलेली. तिच्या पानात ठेवली. हात मात्र परत नेला नाही.

"मी तिसरा ब्रेक ठरवला होता," तो म्हणाला.

"मी दुसरा."

"तू नेहमी माझ्या एक ब्रेक पुढे असतेस."

सर्जेरावांनी रुमाल डोळ्यांना लावला. नेमका त्याच क्षणी टीव्हीतून एक अनोळखी, जाडसर झालेला आवाज आला. "वहिनी! मिळाला!"

सगळे वळले. उशीर झाला होता. माडीच्या जिन्याची शेवटची पायरी दिसली, एका पुरुषाची पाठ दिसली, आणि त्यावरून नावं सरकू लागली.

काकूंनी झारी खाली ठेवली.

"आला?" सर्जेराव घोगऱ्या आवाजात म्हणाले. "तो… खाली आला?"

काकू खुर्चीवर बसल्या. बराच वेळ त्यांनी त्या दोघांकडे बघितलं. आधी तिच्याकडे, मग त्याच्याकडे, मग पोळीवरच्या दोन हातांकडे.

"चार वर्षं," त्या म्हणाल्या. "चार वर्षं मी त्या टॉवेलची वाट बघितली."

"काकू, सॉरी…"

"सॉरी काय? उद्या दुपारी दोनला पुन्हा दाखवणार आहेत. दोघांनी यायचं. आणि तोंड उघडलंत, तर याद राखा."

"पण बैठक बंद ना?" सलिल म्हणाला.

"डबे सोमवारपासून," काकू म्हणाल्या. "आणि तुमचा एकच करीन. एका भांड्यात दोघांचं मावतं. घरी न्या, बागेत न्या, मला काय करायचंय."

रविवारी दुपारी सगळे पुन्हा जमले. वाहिनीने आदल्या रात्रीच्या सगळ्या जाहिराती या भागात भरून काढल्या होत्या. ब्रेकमागून ब्रेक येत होता. साबण, मसाला, सिमेंट, पुन्हा साबण. काकू पोळ्या वाढून थकल्या. त्या दोघांना मात्र आता ब्रेक पुरत नव्हते. शेवटच्या ब्रेकमध्ये ते हात धुवायला म्हणून मागच्या अंगणात गेले, आणि नळ बराच वेळ वाहत राहिला.

आतून टाळ्यांचा कडकडाट ऐकू आला तेव्हा आम्रपाली म्हणाली, "आला वाटतं खाली."

"जायचं का बघायला?"

तिने डावीकडे बघितलं नाही. सरळ त्याच्याकडे बघितलं.

टॉवेल कुठल्या रंगाचा होता, हे त्या दोघांना अजून माहीत नाही. काकू सांगायला तयार नाहीत.